बाळाला पोहायला कधी घालायचं?

माझा भाचा तेव्हा अडीच वर्षांचा होता. तीन महिने आईबरोबर पोहण्याच्या क्लासला जात होता, पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढायचा, काठ धरून पाय मारायचा, आणि आम्हा सगळ्यांना त्याचं भारी कौतुक. एका सुट्टीत आम्ही लहान मुलांच्या उथळ तलावात उतरलो होतो. पाणी माझ्या गुडघ्याखाली. टॉवेल घ्यायला मी काठाकडे वळले आणि मागे बघितलं तर तो पालथा पाण्यात. हात हलत नव्हते, आवाज नव्हता, पाणी उडालं नव्हतं. पाठ वर, तोंड खाली आणि लाल चड्डी. उचलला, ठसका लागला, रडला आणि दोन मिनिटांनी पुन्हा पाण्यात जायचा हट्ट धरून बसला. सगळं मिळून सात-आठ सेकंदांचा मामला. चार हातांवर उभ्या असलेल्या माझ्या बहिणीला, म्हणजे त्याच्या आईला, मी त्याला उचलेपर्यंत काही कळलंही नाही.

पाणी त्याच्या कमरेएवढं होतं, उभं राहिला असता तर प्रश्नच नव्हता. पण त्या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं. तोल जाऊन पालथं झालं की पाय पोटाखाली घ्यायचे, तळाला टेकवायचे आणि डोकं वर काढायचं, हे आपल्याला साधं वाटणारं गणित मुलाला ऐनवेळी सुटत नाही. क्लासमध्ये त्याने कितीतरी बुड्या मारल्या होत्या, पण त्या सगळ्या ताईने ‘एक, दोन, तीन’ म्हटल्यावर. इथे एक-दोन-तीन कोणी म्हटलं नव्हतं.

तेव्हापासून ‘मुलाला पोहायला कितव्या वर्षी घालू?’ असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, कशासाठी? पाण्याची भीती बसू नये म्हणून, पोहायला यावं म्हणून, की बुडू नये म्हणून? तिन्हींची वयं वेगळी आहेत, आणि तिसऱ्याचं उत्तर तर बरंचसं क्लासच्या बाहेरच सापडतं.

चाराचं एक कसं झालं

‘चार वर्षांच्या आत पोहायला घालू नका’ हा सल्ला अजूनही ऐकू येतो. तो काही कोणाच्या मनातून आलेला नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना २००० साली तेच सांगत होती: चौथा वाढदिवस होईपर्यंत बहुतेक मुलं पद्धतशीर पोहणं शिकायला तयार नसतात. त्यामागे दोन विचार होते. एक, हात-पाय-श्वास यांचा मेळ त्याआधी बसत नाही. दुसरा जास्त काळजीचा. शिकवणीमुळे मूल पाण्याकडे बेधडक जायला लागेल आणि ‘आमच्याला येतं’ या समजुतीने घरचे सैल पडतील, अशी भीती होती.

मग २००९ मध्ये अमेरिकेतल्याच एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. संशोधकांनी बुडून मृत्यू झालेल्या मुलांची माहिती गोळा केली आणि त्यांच्याच वयाच्या, त्याच भागातल्या इतर मुलांशी ती ताडून बघितली. १ ते ४ वर्षांच्या गटात बुडालेली ६१ मुलं होती, त्यातल्या फक्त २ मुलांनी पोहण्याची शिकवणी घेतली होती. तुलनेच्या १३४ मुलांपैकी ३५ जणांनी घेतली होती. इतर फरकांचा हिशेब धरून आकडा निघाला तो असा: शिकवणी घेतलेल्या मुलांमध्ये बुडण्याचा धोका ८८ टक्क्यांनी कमी.

हा ८८ चा आकडा पुढे क्लासच्या जाहिरातींत मोठ्या अक्षरांत झळकला. त्याच्याबरोबर आलेली दुसरी ओळ मात्र गाळली गेली. एवढ्या थोड्या मुलांवरून काढलेल्या आकड्याला आजूबाजूला खूप जागा सोडावी लागते, आणि इथे ती जागा ३ टक्क्यांपासून ९९ टक्क्यांपर्यंत होती. म्हणजे फायदा प्रचंड असू शकतो किंवा नावापुरताही असू शकतो. पक्कं एवढंच म्हणता आलं की शिकवणीने धोका वाढत नाही, आणि कमी होतो असं दिसतं. जुनी भीती दूर करायला तेवढं पुरेसं होतं. २०१० मध्ये अकॅडमीने भूमिका मवाळ केली आणि २०१९ च्या सल्ल्यात स्पष्ट म्हटलं की बऱ्याच मुलांना पहिल्या वाढदिवसानंतर शिकवणी सुरू करायला हरकत नाही. त्याच सल्ल्यात हेही आहे की एक वर्षाच्या आतल्या बाळांचे पोहण्याचे क्लास बुडण्याचा धोका कमी करतात, याला कसलाही पुरावा नाही.

‘बऱ्याच मुलांना’ हे शब्द मुद्दाम वापरलेले आहेत. वर्षाचं झालं की घातलंच पाहिजे, असं कोणीही म्हणत नाहीये.

वर्षाच्या आतलं बाळ: पोहतं की पोहल्यासारखं दिसतं?

पाण्याखाली डोळे उघडे ठेवून हातपाय मारत जाणाऱ्या बाळांचे व्हिडिओ सगळ्यांनीच बघितलेले असतात. त्याखाली कोणीतरी हमखास लिहितं, नऊ महिने पाण्यातच होतं की ते! होतं खरं, पण तिथे त्याला श्वास घ्यायचा नव्हता, प्राणवायू नाळेतून येत होता. जन्मल्यावर तो हिशेब संपला.

बाळ पोहल्यासारखं करतं, हे मात्र खरं आहे. मर्टल मॅकग्रॉ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९३९ मध्ये ४२ बाळांच्या पाण्यातल्या हालचालींची निरीक्षणं प्रसिद्ध केली. पहिल्या काही महिन्यांत बाळ पाण्यात पालथं धरलं की हातपाय लयीत मारतं, श्वासही रोखतं. पण ही प्रतिक्षिप्त क्रिया असते, बोट दिल्यावर मूठ आवळते तशी. चारेक महिन्यांनंतर ती मावळते आणि मधल्या काळात बाळ पाण्यात गोंधळतं, धडपडतं, पाणी गिळतं. समजून-उमजून केलेली हालचाल दुसऱ्या वर्षात दिसायला लागते. व्हिडिओत जे दिसतं ते बहुतेक पहिल्या टप्प्यातलं असतं. त्या बाळाला डोकं वर काढून श्वास घेता येत नाही आणि ‘आता बाहेर पडायला हवं’ हे कळतही नाही.

तोंडावर पाणी आलं की घशाचं दार मिटतं, तीही प्रतिक्षिप्त क्रियाच. तिची हमी धरता येत नाही. कधी ती होते, कधी होत नाही, आणि झाली तरी काही सेकंदांपुरती. बाळाच्या तोंडावर फुंकर मारून लगेच बुडी देणारे शिक्षक याच क्रियेवर विसंबून असतात. मला विचाराल तर या वयात बुडी देण्यासारखं काहीच नाही. बाळाला त्यातून काही शिकायचं नसतं, बघणाऱ्यांना मजा येते एवढंच.

वारंवार बुडी देण्याचा आणखी एक धोका आहे, जो पटकन लक्षात येत नाही. बाळ पाणी गिळतं. आपल्या पोटात घोट-दोन घोट गेले तर काही बिघडत नाही, पण बाळाचं अंग लहान आणि मूत्रपिंडं अजून तयार होत असलेली. जास्त पाणी गेलं की रक्तातल्या सोडियमचं प्रमाण खाली येतं. मग बाळ मलूल होतं, चिडचिडतं, उलटी करतं आणि फार घसरलं तर झटके येतात. १९८० च्या दशकात बाळांच्या पोहण्याच्या वर्गांनंतर अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आणि त्यानंतर बुडीबाबत सावधगिरी वाढली.

तिसरी गोष्ट थंडीची. हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता साधारण पंचवीसपट वेगाने ओढून नेतं. बाळाचं वजन कमी आणि त्या मानाने त्वचा जास्त, त्यामुळे ते झटकन गार पडतं, आणि हुडहुडी भरवून अंग तापवण्याची त्याची क्षमताही कच्ची. स्पर्धेच्या तलावाचं पाणी २५ ते २८ अंश सेल्सिअस असतं. पोहणाऱ्याला ते बरं, बाळाला गार. सहा महिन्यांखालच्या बाळाला ३२ अंशांच्या आसपासचं पाणी हवं आणि सुरुवातीला दहा मिनिटं पुष्कळ झाली. ओठ निळसर दिसले किंवा बाळ थरथरलं की घड्याळ बघत बसायचं नाही, बाहेर काढून पुसून उराशी धरायचं.

एवढं वाचून वाटेल की वर्षाच्या आत तलावाकडे फिरकूच नये. तसं नाही. नाळेची जागा भरून आलेली असेल, बाळ मान सावरत असेल, पाणी कोमट आणि स्वच्छ असेल तर आईबाबांच्या हातात पाण्यात खेळायला काहीच अडचण नाही. लसी पूर्ण होईपर्यंत थांबा, असंही नाही. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा तर लस आधी की पोहणं आधी याने फरक पडत नाही असं साफ सांगते. एका अभ्यासात पाण्यातले वर्ग केलेल्या १९ आणि न केलेल्या १९ मुलांची चार-पाच वर्षांची झाल्यावर तुलना केली, तेव्हा पहिल्या गटातली मुलं तोल सांभाळण्यात आणि वस्तू पकडण्यात सरस दिसली. एकोणीस म्हणजे फारच थोडी, आणि असे वर्ग लावणारे आईबाप एरवीही मुलांशी जास्त खेळत असतील हेही आहेच. पण खेळ खेळ म्हणून चांगला आहे, त्याला आणखी कारण कशाला शोधायचं? त्याला ‘पोहणं शिकतोय’ म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं.

एक ते चार: शिकतं ते वेगळंच काही

या वयाच्या मुलाला हात मारणं शिकवायला गेलं तर वेळ वाया जातो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी फ्रीस्टाइल, म्हणजे पालथं पोहत हात मारणं, मुलांना कधी जमतं हे पाहिलं. दोन, तीन किंवा चार वर्षांची असताना सुरुवात केलेली मुलं, सगळीच साधारण साडेपाचच्या सुमारास तिथे पोचली. दोन वर्षं आधी सुरू करून हात मारण्यात फारसा फायदा झाला नाही.

मग या वयात शिकायचं काय? एक चांगला वर्ग बघितला तर उत्तर समोर दिसतं. मी बघितलेल्या वर्गात सात-आठ मुलं होती, दीड ते तीन वर्षांची, प्रत्येकाबरोबर आई नाहीतर बाबा. ताईंनी पहिली पाच मिनिटं पाण्यात कोणालाच घेतलं नाही. सगळी मुलं काठावर पाय सोडून बसली आणि ‘या’ म्हटल्याशिवाय कोणी उतरायचं नाही, असा खेळ झाला. एक मुलगा मध्येच उतरला तर त्याला न रागावता पुन्हा वर बसवलं. मला वाटतं, त्या अर्ध्या तासातला सगळ्यात मोलाचा धडा तोच होता. मोठ्यांनी सांगितल्याशिवाय पाण्यात जायचं नाही, हे शरीराला सवयीने कळायला हवं.

नंतर माकडचाल: दोन्ही हात काठाला आणि सरकत सरकत पायरीपर्यंत. मग काठावरून बाहेर येणं, त्यासाठी एक मंत्र होता: ‘कोपर, कोपर, पोट, गुडघा.’ एक कोपर वर, दुसरं कोपर वर, पोट काठावर टेकवायचं आणि गुडघा चढवायचा. दोन वर्षांची एक मुलगी तो मंत्र मोठ्याने म्हणत तीनदा घसरली आणि चौथ्यांदा वर आली. पाण्यात पडल्यावर वळून काठ धरणं आणि काठावरून बाहेर येणं, एवढं जमलं तरी त्या वयासाठी ती मोठी कमाई आहे. शेवटी उताणं तरंगणं. कान पाण्यात गेले की बहुतेक मुलांना ते आवडत नाही, म्हणून ताई मुलाचं डोकं आईच्या खांद्यावर टेकवून हळूहळू खाली नेत होत्या. रडणाऱ्याला त्यांनी सोडून दिलं. ‘पुढच्या वेळी’, एवढंच म्हणाल्या.

याच्या उलट पद्धतही आहे. बाळाला पाण्यात टाकायचं, ते रडत असलं तरी उलटून उताणं तरंगायला लावायचं, आणि जमेपर्यंत रोज तेच. काही मुलांना त्यातून तरंगता येतं, हे खरं. पण आपलं बाळ कपड्यांसकट, गार पाण्यात, घाबरलेलं असताना तेच करेल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. आणि ज्या माणसावर विश्वास ठेवून मूल पाण्यात उतरतं त्यानेच हात काढून घेतला, तर पुढची दोन वर्षं ते पायरीवरून खाली उतरायला तयार होत नाही, असंही मी बघितलंय. ‘पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही’ ही म्हण मोठ्यांसाठी आहे.

या वयात मुलं विसरतातही फार लवकर. तीन महिने क्लास केला, सहा महिने बंद ठेवला, तर पुन्हा पायरीवर बसून सुरुवात करायची तयारी ठेवा. ते मागे पडणं नाही.

चारनंतर

चार ते सहा या वयात गाडी सुरळीत चालते. सूचना कळतात, रांगेत थांबता येतं, श्वास आणि हातांचा मेळ बसतो. जागतिक आरोग्य संघटना मूलभूत पोहणं शिकवण्याची शिफारस करते ती सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी. चौथ्या वर्षापर्यंत पोहायला घातलं नाही म्हणून काही निसटून गेलं, असं मनाला लावून घ्यायचं कारण नाही. मात्र घराजवळ पाणी असेल तर त्याच्याही पुढे ढकलू नये.

‘येतं’ म्हणजे किती, हे मात्र पारखून घ्यावं. एक रुंदी फ्रीस्टाइल मारली की घरी पेढे वाटल्यासारखा आनंद होतो, पण अमेरिकन रेड क्रॉसची कसोटी वेगळी आहे: डोक्यावरून पाणी जाईल इतक्या खोलीत उतरून वर येणं, मिनिटभर तरंगणं किंवा जागच्या जागी पाय मारत राहणं, गिरकी घेऊन बाहेर पडायची जागा शोधणं, तिथपर्यंत साधारण २३ मीटर जाणं, आणि शिडीशिवाय बाहेर येणं. हे पाचही एका दमात. नेदरलँड्समध्ये मुलं ए, बी, सी अशा पायऱ्यांच्या परीक्षा देतात आणि त्यात अंगावर कपडे घालून पोहावं लागतं. कल्पना शहाणपणाची आहे. कोणी पोहण्याचा पोशाख घालून चुकून पाण्यात पडत नाही.

क्लास न बघता जे बघायचं

पाच वर्षांखालची मुलं तलावात कशी बुडतात, याची अमेरिकेत पाहणी झाली. त्यातल्या ६९ टक्के मुलांच्या बाबतीत, मूल त्या वेळी पाण्याजवळ असेल असं कोणाला वाटलंच नव्हतं. ते घरात खेळत होतं, झोपलेलं होतं, आत्ता इथेच होतं. पोहण्याच्या वेळी सगळे सावध असतात. पोहायची वेळ नसते तेव्हा घात होतो.

म्हणूनच घराला तलाव असेल तर त्याच्या चारही बाजूंनी, घराच्या बाजूनेही, किमान चार फुटांचं कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक. अंगणाला असलेलं कुंपण यात धरायचं नाही, कारण मूल घरातूनच येतं. तुलनेच्या अभ्यासांत चौथी बाजू बंद केल्याने धोका ८३ टक्क्यांनी कमी दिसला. तलाव नसेल तर बादली, टब, पिंप. इंच-दोन इंच पाणी पुरतं. बादलीत डोकं घालून वाकलेलं वर्षाचं मूल स्वतःला बाहेर काढू शकत नाही, डोक्याच्या वजनाने ते आतच राहतं. वापरून झाली की उपडी करून ठेवायची.

बांगलादेशाच्या ग्रामीण भागातला अनुभव मला या सगळ्यात सगळ्यात बोलका वाटतो. तिथे घराच्या दारात तळी असतात. एका मोठ्या प्रकल्पात चार वर्षांवरच्या मुलांना तळ्यात बांबूचे मचाण बांधून पोहणं शिकवलं, आणि बुडून होणारे मृत्यू ९० टक्क्यांहून जास्त घटले. त्याहून लहान मुलांना पोहायला शिकवायच्या फंदात कोणी पडलं नाही. त्यांच्यासाठी सकाळी ९ ते दुपारी १ पाळणाघर चालवलं, म्हणजे आयांच्या कामाच्या वेळात मुलांवर कोणाची तरी नजर राहील. तिथेही घट ८० टक्क्यांच्या वर. लहानग्यांसाठी पोहण्याच्या जागी चार तासांची नजर पुरली.

नजर म्हणजे नेमकं काय, तर हाताच्या अंतरावर. पोहता न येणारं मूल पाण्यात असेल तर मोठ्या माणसाचा हात त्याला लगेच लागला पाहिजे. फोन बॅगेत. चार मोठी माणसं काठावर असतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. त्यामुळे ‘पुढची पंधरा मिनिटं माझी’ असं तोंडाने बोलून जबाबदारी घ्यायची आणि तोंडाने बोलूनच द्यायची. बुडणारं मूल हाक मारत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला येतं-जातं, जो श्वास मिळतो तो आत घेण्यातच जातो, ओरडायला उरत नाही. फ्रान्सेस्को पिया या लाइफगार्डने अशा घटनांचं चित्रीकरण करून हे दाखवून दिलं. पाण्याखाली जाण्याआधी हाताशी असतात फक्त २० ते ६० सेकंद, आणि दोन वर्षांचं मूल तेवढाही वेळ देत नाही.

दंडाला लावायचे फुगे आणि फुगवायच्या रिंगा ही खेळणी आहेत. ती निसटतात, फुटतात आणि मुलाला पाण्यात उभं राहायची सवय लावतात, जी तरंगण्याच्या नेमकी उलट आहे. गळ्यात अडकवायची रिंग तर नकोच. २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एका बाळाच्या मृत्यूनंतर तिच्याविरुद्ध इशारा दिला, विशेषतः विकासात मागे असलेल्या बाळांच्या उपचारासाठी ती वापरू नका म्हणून. बोटीवर किंवा उघड्या पाण्यावर मापाचं लाइफ जॅकेट. आणि जाता जाता, पोहण्याचा पोशाख निळा किंवा पांढरा घेऊ नका. पाण्याखाली तो दिसतच नाही. भडक केशरी, भडक गुलाबी घ्या. आमच्या बाबतीत लाल चड्डीने काम केलं.

क्लास निवडताना

पहिल्या दिवशी मुलाला नेऊच नका, एकटे जाऊन बसा. पाण्यात हात घालून बघा. रडणाऱ्या मुलाशी शिक्षक कसे वागतात ते बघा. शिक्षकाची पाठ कितीदा मुलांकडे वळते, मोजा. लाइफगार्ड शिकवणाऱ्यापेक्षा वेगळा आहे ना, बघा. आईबाबांना काठावर किंवा पाण्यात थांबू देत नाहीत तिथे लहान मूल घालू नये, मग तलाव कितीही चकचकीत असो.

नाकाला झोंबणारा ‘क्लोरीनचा वास’ आला की लोकांना वाटतं पाणी फार स्वच्छ आहे. खरं उलट आहे. तो वास क्लोरामाइनचा, आणि क्लोरीन घाम-लघवीशी मिसळल्यावर तो तयार होतो. बंदिस्त तलावात असा वास भरून राहिला असेल तर हवा खेळती नाही, आणि लहान मुलांच्या श्वासनलिकांना ते बरं नाही. दम्याचा आणि बाळांच्या पोहण्याचा संबंध आहे का, यावर बेल्जियममधल्या संशोधकांनी शंका उपस्थित केली होती. नंतर ब्रिटनमधल्या हजारो मुलांच्या पाहणीत तसा संबंध आढळला नाही.

पाण्यातला डायपर घट्ट शी अडवतो, जंतू अडवत नाही. जुलाब होत असतील तर मूल पाण्यात नको, कारण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नीट क्लोरीन घातलेल्या पाण्यातही आठवड्याहून जास्त टिकतो. त्याचा संसर्ग झाला असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे थांबायचं.

फिट येणारी मुलं, हृदयाचा विकार असलेली, कानात नळी बसवलेली, फार लवकर जन्मलेली बाळं, यांच्यासाठी आधी डॉक्टर. स्वमग्न मुलांबद्दल मात्र उलट सांगावंसं वाटतं. त्यांच्यातली बरीच नजर चुकवून निघून जातात आणि पाण्याकडे ओढली जातात. त्यांना शक्य तितक्या लवकर, एकेकट्याने शिकवणारा शिक्षक शोधावा.

आणि झालंच तर

बाहेर काढलेलं मूल श्वास घेत नसेल तर त्याला उलटं टांगू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. पाणी बाहेर काढणं हे काम नाही, हवा आत घालणं हे आहे. डोकं किंचित मागे, आधी तोंडाने श्वास, मग छातीवर दाब, ३० दाब आणि २ श्वास. दुसऱ्या कोणाला मदत बोलवायला पाठवा. वाचून हे हाताला येत नाही. पुतळ्यावर सराव देणारे सीपीआरचे वर्ग अर्ध्या दिवसाचे असतात, आणि मुलाच्या पोहण्याच्या क्लासआधी आईबाबांनी हा करावा असं माझं ठाम मत आहे.

मूल पाण्यात गटांगळी खाऊन बाहेर आलं, खोकलं आणि मग हसत खेळायला लागलं, तर ‘कोरडं बुडणं’ होऊन दोन दिवसांनी अचानक काही होतं, असे निरोप फिरत असतात. २००२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला भरलेल्या जागतिक परिषदेत तज्ज्ञांनी असले शब्दच वापरू नयेत असं ठरवलं. फुप्फुसांत पाणी गेल्याचा त्रास होणार असेल तर पहिल्या काही तासांतच दिसतो: खोकला थांबत नाही, श्वास भरभर चालतो, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, मूल अवेळी गळून झोपतं. यातलं एकही दिसलं तर दवाखाना गाठायचा. भाच्याचा ठसका मिनिटभरात थांबला होता. तरी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बहीण आणि मी आळीपाळीने त्याच्या छातीकडे बघत बसलो होतो.